गवताच्या काडीला डोळे असल्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
किनारी मत्स्य कार्यालय, करकना बेटे.

विषय : नळीमाशाची 'गवत' अशी झालेली नोंद दुरुस्त करून रास नखला येथील चर खोदण्याचे काम थांबवणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची पोच, दि. ७ एप्रिल.

महोदय,

मी मरहूम हमादी जरबूई यांची पत्नी. उथळ समुद्रात रोवलेल्या झावळ्यांच्या कुंपणात सापडलेली मासळी साठ वर्षे निवडत आले आहे.

१. आमच्या समुद्रगवतात नळीमासा आढळत नाही, सबब बोटींसाठी चर खोदण्यास हरकत नाही, असा अहवाल आहे. पाहणीवाले होडीतून वाकून पाहून गेले. हा मासा गवतात गवतासारखाच उभा राहून डुलतो. तो वरून कसा दिसावा?

२. म्हणून मी तो बरणीतून आणला. आपले लिपिक नौफल म्हणाले, "हज्जा आजी, काडी आणलीस होय? भाजी करू का हिची?" मी म्हटले, "बाळा, काडीला डोळे असतात का?" त्यांनी चष्मा न लावताच पोच दिली : 'समुद्रगवत, हिरवे, एक नग.'

३. ओळख : तोंड चपटे, जवळजवळ डोक्याइतकेच उंच, इतर नळीमाशांसारखे बारीक नव्हे. शेपटीला इवलासा पंखा. शेपटीखाली अंड्यांनी भरलेली पिशवी, म्हणजे हा नर. यावरून सासूबाई हमादींना म्हणत, "तो बाप पोट घेऊन फिरतो, तू निदान पाळणा तरी हलव!"

४. पिशवी भरलेला नर ज्या गवतातून आला त्याच गवतात हाताने सोडायचा, हा सासऱ्यांचा दंडक. तो मी प्रथमच मोडला. तीन दिवस मासा माझ्या घंगाळात आहे. तासातासाला समुद्राचे पाणी आणून बदलते. बसवत नाही, जेवण जात नाही. काल आत मूठभर गवत टाकले, तर तो दिसेनासाच झाला. क्षणभर वाटले, नौफलच बरोबर असावेत. मग डोळा हलला.

५. चर सोमवारी त्याच गवतातून खोदला जाणार आहे. तत्पूर्वी आपण स्वतः यावे. पाणी गुडघाभरच आहे. चष्मा आणावा.

येणे न जमल्यास, पिल्ले बाहेर पडल्यावर ती कोणत्या गवतात सोडावीत, तेवढे लेखी कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
शेदलिया जरबूई
रास नखला, दि. १० एप्रिल

सोबत : पोचेची प्रत. मासा जोडलेला नाही. तो जिवंत आहे.