बाबांच्या शेजारची जागा

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. तुझ्या मेव्हण्यांना बढती मिळाली, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नाहीत.

आईचं मात्र आता काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले. बोलते कमी, पण पुन्हा पुन्हा एकच विचारते, ह्यांच्या शेजारची जागा धाकट्याने राखली आहे ना? मी म्हणते, अगं, दफनभूमीचा राजाच तुझा मुलगा, तुला जागेला काय तोटा! दोन ओळींत होकार कळव, म्हणजे ती सुखाने डोळे मिटेल.

इकडे सगळ्यांना मी सांगितलंय, की तू बागकाम खात्यात आहेस. खोटं थोडंच आहे? झाडं लावतोसच की.

रागावलास तरी आमच्यावरचा जीव आटू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. राजा खरा, पण प्रजा हूं की चूं करत नाही. इथली जमीन खाडीलगतची, बारमाही ओली. खड्डा पटकन होतो, पण कडा ढासळतात, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बाबांच्या शेजारी जागा नाही, ताई. तिथे माझी छकुली आहे. तुम्ही कोणी आला नव्हता, म्हणून ठाऊक नसेल. जागा मी आईसाठीच राखली होती, वर गुलाब लावून. पण बाबांच्या पाठोपाठ पोरगी गेली, तेव्हा तिला एकटीला कुठे ठेवू? तुमच्यापैकी तिला ओळखत होते ते बाबाच. आईला चोरून फाटकापाशी यायचे आणि तिला खांद्यावर घ्यायचे. आईने तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. खड्डे खणणाऱ्याची पोर, अंगाला मातीचा वास येतो म्हणाली, आणि पोरीने हात लावलेला कप घासायला टाकला.

ते असो. बाबांच्या पायथ्याशी चांगली जागा आहे, सावली पडते. ती झाडून ठेवतो.

आईला जप, आणि आठवण आली तर माझीही काढ.
तुझा धाकटा

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पायथ्याची जागा म्हटल्यावर आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. आयुष्यभर ह्यांच्या बरोबरीने राहिले, आता पायाशी का, म्हणते. तिचंच म्हणणं, लेकराला जागा ती केवढी लागते, उचलून कुंपणाकडे ठेव. मलाही पटलं. इतकी वर्षं झाली रे. किल्ल्या तुझ्याकडे, खणणाराही तूच, कोणाला विचारायला नको.

आणि त्या दिवशी नातेवाइकांत उभा राहू नकोस. माझ्या सासरची माणसं येतील. फावडं घेऊन बाजूला थांब, सगळे निघाले की माती लोट. कामाचा माणूस समजतील, प्रश्नच मिटला.

काम झालं की लगेच लिही. पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवेन. तेवढ्यासाठी जीव धरून आहे बिचारी.

मोठ्या बहिणीवरची माया अशीच राहू दे.
तुझी ताई

ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मोठ्याने वाचणार म्हणालीस, म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडखळू नकोस.

आई, काम झालं. बाबांच्या शेजारची जागा तुझी. गुलाब मुळासकट काढला आणि हातांनीच उकरलं, फावडं लावायचा धीर झाला नाही. पण उचलून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इथल्या ओल्या मातीत कोवळी हाडं टिकत नाहीत. लोकांना हे मी नेहमी सांगतो, माझ्या पोरीच्या वेळी विसरलो. पेटीही विरून गेली होती. फ्रॉकची दोन बटणं सापडली, ती खिशात ठेवली. बाकी सगळी मातीच. त्यातली छकुली कोणती, हे मलाही सांगता येईना. सगळी उपसून काठावर ढीग घातला आणि वर ताडपत्री टाकली.

आमच्या कामात ज्या खड्ड्याची माती त्याच खड्ड्यात जाते. दुसरीकडची आणत नाहीत. तेव्हा सगळे निघून गेल्यावर मी तीच तुझ्यावर लोटणार, पायांपासून तोंडापर्यंत. तू तिला मांडीवर घेतलं नाहीस, कप घासून टाकलास. आता घासता येणार नाही. जागा तयार आहे, केव्हाही ये.

ताई, कामाचा माणूस बाजूला उभा असेल. काळजी नसावी.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.
तुझा धाकटा