आपल्याच गावात पाहुणे

२२ जून, रविवार
ठरलं. यंदा आम्ही नाटक बघणार.
आव्हिन्योंत संसार करून वीस वर्षं झाली आणि इथल्या नाट्योत्सवातलं एकही नाटक मी पाहिलेलं नाही. जुलै आला की अख्खं जग आमच्या गावात नाटकं बघायला येतं आणि आम्ही घर नटांना भाड्यानं देऊन नदीपलीकडे सासूबाईंकडे जाऊन बसतो. आमच्या गल्लीतले सगळेच असं करतात. परवा बेकरीत एका बाईनं मला विचारलं की यंदा काय बघण्यासारखं आहे. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंचा स्वभाव.
लेकीला, मायलिसला, दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. इथे आपल्या गावात भूगोल आणि तिकडे ब्रेस्तला समुद्रविज्ञान. १० जुलैपर्यंत काय ते कळवायचंय. निर्णय सर्वस्वी तिचा. मी दबाव टाकणाऱ्या आयांपैकी नाही. फक्त तिनं आपलं गाव एकदा डोळे भरून बघावं, इतकंच. म्हणून सहल ९ जुलैला. तारीख सहज निघाली.

२३ जून
ब्रेस्त नकाशावर बघितलं. फ्रान्स तिथे संपतो. रेल्वेनं आठ-नऊ तास, मध्ये गाडी बदलून. वर्षातले निम्मे दिवस पाऊस. हे मी मायलिसला सांगितलं नाही. नकाशा जेवणाच्या टेबलावर उघडा राहिला, एवढंच.

२९ जून, रविवार
सामान बांधून सासूबाईंकडे. यंदाचे भाडेकरू लीलचे, पाच नट. चांगली माणसं वाटली, पण उत्तरेकडची. ऊन दिसलं की खिडक्या उघडतात. म्हणून यंदा सूचनापत्र चार पानी केलं आणि लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं. रेजिस म्हणाला की माणसं तीन आठवडे राहणार आहेत, घर विकत घेत नाहीयेत. नवऱ्यांना घर आपोआप चालतं असं वाटतं.

२ जुलै
९ तारखेचा प्लॅन तयार.
८.१० निघणे. ९.०० गावात. ९ ते १०.३० गल्ल्यांतून फिरणे, मायलिसला तिची शाळा, ती शिडीवरून पडली ते पटांगण, पहिला दात पडला ती बाग दाखवणे (सहजच). ११.०० मोठं नाटक, चार तिकिटं काढून ठेवली. १.०० डबा. २.३० दुसरं नाटक. ५.०० नदीकाठी बसणे आणि मोकळेपणानं गप्पा.
मोकळेपणानं काय बोलायचं त्याचे मुद्दे वेगळ्या कागदावर.
सासूबाईंनी प्लॅन चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, सूनबाई, यात लघवीला कधी जायचं ते लिहिलेलं नाहीस.

५ जुलै, शनिवार
उत्सव सुरू. मायलिस मैत्रिणींबरोबर गावात जाऊन नाटक बघून आली. कुठलं, विचारलं. छोटंसंच, म्हणाली. आवडलं का, विचारलं. बघू, म्हणाली. आवडलं का या प्रश्नाला बघू हे उत्तर कसं असू शकतं? पण मी खोदून विचारलं नाही. तीनदाच विचारलं.
चांगलं लक्षण आहे. गावात रमतेय.

८ जुलै
सदतीस डिग्री. उद्या अडतीस. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या उन्हात बकरीसुद्धा नाटक बघायला जाणार नाही, मी येणार नाही. मी म्हटलं, चौघांचं तिकीट काढलंय. त्या म्हणाल्या, मग माझ्या खुर्चीवर पर्स ठेव.
टूनाचे पाव आजच भरून ठेवले, रात्रभर तेलात मुरले की छान लागतात. एक खरबूज. मुद्द्यांचा कागद पर्समध्ये.

९ जुलै, बुधवार, सकाळी ८.५५
अजून गाडीत. पूल गच्च. ही सगळी माणसं आमच्या गावात कशाला येतात?

९.४०
पार्किंग मिळालं, पण तटबंदीच्या बाहेर, आणि तेही जवळजवळ पुढच्या गावात. गावात शिरल्यावर डोकं वर करायची सोय नाही, प्रत्येक खांबावर, जाळीवर, ड्रेनपाइपवर नाटकांची पोस्टरं सुतळीनं बांधलेली. दर चार पावलांवर वेषभूषेतला कुणीतरी हातात कागद कोंबतो. एका मधमाशीनं मला विचारलं, मादाम, तुम्ही कुठून आलात? मी म्हटलं, मी इथलीच. मधमाशी म्हणाली, मग तुम्ही इथे काय करताय?
शाळा दाखवायला गेले. शाळेत थिएटर. फाटकावर रांग. पटांगणात तंबू. दाताच्या बागेत एक माणूस पायांनी व्हायोलिन वाजवत होता. मायलिस म्हणाली, आई, मला माझी शाळा माहितेय.

१०.३०
रेजिस म्हणाला, पाच मिनिटांत आलो, घरची पत्रपेटी बघून. मी म्हटलं, आज पत्रपेटी बघायची नाही, आज आपण पाहुणे आहोत. तो म्हणाला, हो हो, आणि गेला. वीस वर्षं त्याचे पाय या कोपऱ्यावर डावीकडे वळतात. त्याला विचारतसुद्धा नाहीत.

११.०४
रेजिस आला. घामाघूम, हातांना धूळ. नटांना जरा मदत केली, म्हणे. कसली ते सांगेना.
दार बंद. इथे नाटक ठरल्या मिनिटाला सुरू होतं आणि मग देव आला तरी आत घेत नाहीत. दारातल्या पोरीला सांगितलं, चार तिकिटं आहेत, एक खुर्ची तर पर्सची आहे, आम्ही याच गावचे. ती म्हणाली, मग तर तुम्हाला माहीत असायला हवं, मादाम.
रेजिसशी बोलणं बंद. फक्त त्याची चूक कुठे झाली तेवढं सांगितलं.

११.२०
चमत्कार. मायलिस आपणहून म्हणाली, साडेबाराचं एक आहे, मला माहितेय, चला. आपणहून! तिला गाव दाखवायला निघाले आणि तीच मला गाव दाखवतेय. अख्खा प्लॅन मोडला, पण मूळ हेतू साधतोय. मी अशीच आहे, लवचीक.

दुपारी १.५०, बाकावर, चिनाराच्या झाडाखाली
क्रमानं लिहिते.
थिएटर म्हणजे जुनं गॅरेज. साठ खुर्च्या, प्रत्येकीवर वारा घालायला पुठ्ठ्याचा पंखा. दिवे लागले. रंगमंचावर एक खुर्ची आणि एक उभा दिवा. पिवळ्या झालरीचा. झालरीला डावीकडे भोक, मायलिस सहा वर्षांची असताना तिनं पाडलेलं.
मी मोठ्यानं म्हटलं, तो माझा दिवा आहे. लोक हसले. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे. रेजिस आपल्या चपला बघत होता. धूळ कसली ते कळलं.
नाटक घर सोडून जाणाऱ्या माणसांबद्दल. नट आमचेच भाडेकरू. त्यांच्यातली ती करड्या केसांची बाई खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि हातातली चार लॅमिनेट केलेली पानं वाचू लागली.
कॉफीच्या भांड्याला साबण लावू नये. माझ्या आईनं कधी लावला नाही.
लोक हसले.
बाथरूमचा नळ प्रेमानं बंद करावा. जोरानं केल्यास तो रडतो.
आणखी हसले.
दुपारी खिडक्यांची दारं बंद ठेवावीत. बंद म्हणजे बंद. फट म्हणजे बंद नव्हे.
शेजारच्या मादाम पोर्ताल जिन्याच्या चौथ्या पायरीवर ऐकत उभ्या असतात. बॉन्जूर म्हणावं आणि खाली उतरावं. थांबल्यास दिवस गेला.
माझ्या शेजारचा माणूस पंख्यानं डोळे पुसत होता. खरं लिहायचं तर मला पहिल्यांदा राग आला नाही. मला वाटलं, जमलंय की. साठ माणसं हसतायत. लेखिकेचं नाव जाहिरातीत असायला हवं होतं. पलीकडच्या बाईला मी हळूच सांगितलंही, हे मी लिहिलंय. ती म्हणाली, श्श.
मग त्या नटीनं शेवटचं पान उचललं. चष्मा काढला. आणि न बघता, पाठ असल्यासारखं म्हणाली,
कॉरिडॉरच्या टोकाची खोली माझ्या मुलीची. ती उघडू नये. तिथलं काही हलवू नये. ती तिथेच परत येणार आहे.
कुणी हसलं नाही. पंखेसुद्धा थांबले. नटी बराच वेळ बंद दाराकडे बघावं तसं बघत राहिली, आणि मग तिनं माझा दिवा विझवला.
टाळ्या खूप वाजल्या.
हे वाक्य मी कधी लिहिलं, मला आठवत नाही. सूचना म्हणूनच लिहिलं असणार. लोक खोल्या उघडतात.

२.२०
डबा उघडला. तेल मुरण्याऐवजी पर्समध्ये गेलं होतं. मुद्द्यांचा कागद पारदर्शक झाला. कुठलाच मुद्दा वाचता येईना.
मायलिसनं खरबूज कापलं. मला फोड दिली. म्हणाली, आई, शनिवारी मी हेच बघितलं. तू ऐकावंस असं वाटलं.
मी म्हटलं, नटीची चांगली पाठांतरशक्ती आहे.
ती म्हणाली, आई, मी ब्रेस्तला हो कळवलंय. तीन जूनला.
तीन जून. म्हणजे मी नकाशा उघडा ठेवला त्याच्या जवळजवळ तीन आठवडे आधी.
रेजिसकडे बघितलं. त्याला माहीत होतं. वसतिगृहाच्या कागदावर त्यानं सही केलीय. सासूबाईंनी तर तिला रेनकोट घेऊन दिलाय. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? रेजिस म्हणाला, तू इतकी खुशीत प्लॅन करत होतीस गं.
मी म्हटलं, मला अंदाज होताच.
दोघं खरबूज खात राहिली. त्यांनी निदान हसायला तरी हवं होतं.

५.००
नदीकाठी. प्लॅनप्रमाणे. मोकळेपणानं गप्पा: मायलिसनं भरती-ओहोटीबद्दल सांगितलं. तिकडे समुद्र दिवसातून दोनदा किनारा सोडून जातो आणि दोनदा परत येतो. मी विचारलं, आणि विद्यार्थी? ती म्हणाली, विद्यार्थी नाताळात.

१० जुलै, गुरुवार, सकाळ
सासूबाईंनी विचारलं, मग कसं झालं नाटक? मी म्हटलं, छान, पण शेवट जरा ताणलेला. त्या म्हणाल्या, तू लिहिलंस ना, कळलं मला रेजिसकडून. मग माझ्या पुढ्यात कॉफी ठेवली. एरवी माझी मीच घेते.

दुपारी ३
आज शेवटची तारीख. सहज म्हणून मायलिसला विचारलं, एकदा हो म्हटलं की बदलता येतं का? येतं, म्हणाली, आज संध्याकाळी सहापर्यंत. मी म्हटलं, असं का, नियम चांगला आहे.
तिनं माझ्याकडे बघितलं. मैत्रिणींना फोन करून सांगितलं की आज पोहायला येत नाही. मग बागेतून शेंगांची टोपली आणून अंगणात माझ्यासमोर बसली.

संध्याकाळी ६.१५
तीन तास दोघी शेंगा सोलत होतो. तिचा फोन आमच्या दोघींच्या मध्ये, उताणा. मी हवेबद्दल बोलले, मादाम पोर्तालबद्दल बोलले, नळाबद्दल बोलले. पाच पन्नासपर्यंत एकही वेडंवाकडं वाक्य नाही. पाच एक्कावन्नला म्हटलं, राहा ना.
ती म्हणाली, नाही गं आई.
इतक्या हळू म्हणाली की मला राग आणता येईना. शेंग सोलतच म्हणाली. मीही सोलत राहिले. सहा वाजून गेले तेव्हा कळलं नाही. टोपलीत अजून बऱ्याच शेंगा होत्या आणि ती उठली नाही.