घशाखाली उतरत नाही

३ फेब्रुवारी
पावाचा तुकडा पुन्हा छातीत अडकला. वरून पाणी प्यायलो तर पाणीही त्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. ॲसिडिटी. बायको म्हणते, थंडी सुरू झाल्यापासून तुमचं हे चाललंय. बायको प्रत्येक गोष्ट ताणते. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस; घाई करू नका म्हणून दिवसभर दुसऱ्यांवर ओरडतो आणि स्वतः भसाभस गिळतो. दोष सवयीचा आहे, घशाचा नाही.
संकल्प: प्रत्येक घास नीट चावून खाणे.

११ फेब्रुवारी
चावण्याचा कार्यक्रम उत्तम. इतका वेळ लागतो की शेवटी कंटाळून ताटावरून उठतो. पट्ट्याला नवं भोक पाडलं. स्कूलच्या पार्टनरने विचारलं, जिम लावलीस का. मी नाही म्हणालो नाही. पाव सोडला. तसाही मला आवडत नव्हता. सूप आवडायला लागलंय.

२० फेब्रुवारी
एण्डोस्कोपी. निव्वळ बायकोच्या समाधानासाठी. सिस्टर म्हणाली, गुंगीचं औषध दिलंय, जाताना गाडी चालवायची नाही. तिला सांगितलं, अर्ध्या गावाला गाडी मी शिकवलीय. ती म्हणाली, मग त्यातल्याच कुणाला तरी बोलवा.
बायकोने चालवली. वाटभर मी शेजारून सूचना देत होतो. बायको म्हणते, घोरत होतात.

२७ फेब्रुवारी, दुपार
रिपोर्ट. अन्ननलिकेचा कॅन्सर.
डॉक्टरांनी कागदावर नळी काढून दाखवली. चित्रकला सुमार. नळी वाकडी. तसं त्यांना सांगितलं. मग विचारलं, गुरुवारच्या बॅचचं काय करायचं. बायकोने विचारलं, पसरलाय का, ऑपरेशन कधी, यांना खायला काय देऊ. ही एकदम टोकालाच जाते. आधी रेडिएशन आणि केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं.
गोष्ट घशाखाली उतरत नाही. पण सध्या काहीच उतरत नाही, तेव्हा या एका गोष्टीचं काय घेऊन बसायचं.
संकल्प: मुलीला कळू द्यायचं नाही. परगावी नवी नोकरी, तिच्या जिवाला घोर नको. बायकोला दोनदा बजावलं.

२८ फेब्रुवारी
मुलगी आली. मोठ्या बॅगेसह. डॉक्टर बोलत होते तेव्हा बायकोच्या पर्समध्ये तिला लावलेला फोन चालू होता म्हणे. या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही.

१६ मार्च
रेडिएशन सुरू. छातीवर ठिपके काढलेत, त्यांच्या खुणेने मशीन लावतात. आडवं पडायचं, मशीन गुणगुणतं, उठायचं. काही कळतसुद्धा नाही. लोक उगाच बाऊ करतात. केमोची सलाइन आठवड्यातून एकदा, तीही बसल्याबसल्या.
संकल्प: सकाळी रेडिएशन, दुपारी क्लास, संध्याकाळी लांब फिरणं.

३० मार्च
फिरायला गेलो. गेटजवळच्या बाकापर्यंत. बाक चांगला आहे, बराच वेळ तपासला. मुलगी सहज वाटेत भेटल्यासारखं करत न्यायला आली. मीही सहज भेटलो.
क्लास पार्टनर घेतोय. तात्पुरते.

५ एप्रिल
मेहुणा आला. म्हणाला, भावोजी, पॉझिटिव्ह राहायचं. रिपोर्टच पॉझिटिव्ह आहे, आणखी किती राहू? मग त्याच्या ओळखीतल्या कुणाचे तरी काका नुसत्या गाजराच्या रसावर कसे खडखडीत बरे झाले ते ऐकवलं. काकांना नक्की काय झालं होतं विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. जाताना म्हणाला, राग गिळायला शिका. इथे स्वतःची थुंकी गिळवत नाही, वाटी धरून बसलोय. म्हणालो, राग तूच गिळ, तुझा घसा ठणठणीत आहे.
बायको दिवसभर बोलली नाही. तिच्या माहेरच्यांना विनोद कळत नाही.

१२ एप्रिल
परवा मुलगी औषधं आणायला गेली होती, बायको आंघोळीला. फ्रिजमध्ये चिकन होतं. ट्रीटमेंट कितपत लागू पडतेय ते तपासलं.
लागू पडली नव्हती. इमर्जन्सीत दुर्बीण घालून तुकडा काढला. डॉक्टरांनी तो डबीत घालून मला दाखवला. एवढासा होता. विचारलं, हे काय? म्हणालो, चाचणी.
आता पोटाला बाहेरून नळी लावलीय. खाणं थेट आत, तोंडाचा संबंध नाही. मी ठाम नकार दिला होता. सही माझीच आहे, पण मनापासून नाही.

२१ एप्रिल
मिक्सरच्या आवाजावरून बायकोवर ओरडलो. नळीत जायचं ते पाण्यासारखं पातळ लागतं, म्हणून सकाळपासून घरघर, घरघर. तिने बटण बंद केलं. म्हणाली, मग तुम्हीच सांगा, मी काय करू? आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.
मिक्सर जुना झालाय. तोच दोष.
शिवाय हल्ली ती जेवताना दिसत नाही. डाएट करत असणार. या वयात हे काय खूळ.

२८ एप्रिल, दुपार
गुपचूप गाडी काढून एक चक्कर मारायची असं ठरवलं होतं. किल्ली जागेवर नव्हती. तरी खाली गेलो. गाडीत बायको. शिकणाऱ्याच्या सीटवर, काचा वर, मांडीवर डबा. मला पाहिलं आणि घास गालातच राहिला.
म्हणालो, गाडीत खायचं नाही, स्कूलचा नियम आहे. तिने मुकाट्याने डबा झाकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वासाने मला त्रास होऊ नये म्हणून ही इथे येऊन जेवते. कधीपासून, ते विचारलं नाही.
शेजारच्या सीटवर बसलो. माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, त्यावर उगाच पाय दाबून धरला. म्हणालो, खा. म्हणाली, तुम्ही बघत असलात की माझ्याही खाली जात नाही. मग मी बाहेर बघत बसलो. समोर भिंत, भिंतीवर एक मांजर. शेजारी डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चावल्याचा आला.
कोणावर चिडायचं तेच समजेना. मांजरावर चिडलो.

१८ जून
उद्या ऑपरेशन. खराब नळी काढणार, पोट वर ओढून छातीत आणून जोडणार. सिस्टरला म्हणालो, आता माझं पोटातलं ओठावर यायला वेळ लागणार नाही. हसली नाही. ड्यूटी संपत आली असेल.
संकल्प: चौथ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालून दाखवणे. मग डॉक्टरांना चित्रकलेबद्दल पुन्हा बोलणे.

६ जुलै
आज पेन धरता आलं. चौथ्या दिवशी मी व्हेंटिलेटरवर होतो म्हणे. न्यूमोनिया. मला काहीच आठवत नाही. मुलीला सगळं आठवतं, पण ती सांगत नाही. विचारलं की खिडकीचा पडदा नीट करायला उठते.
संध्याकाळी पहिला घोट पाणी. कुठेही न अडकता गेलं. जमलेल्या मंडळींना उद्देशून दोन शब्द बोलणार होतो. उचकी लागली. टाके धरून पडून राहिलो. मंडळी निघून गेली.

२९ जुलै
शर्टाला इस्त्री करून घेतली. आज डॉक्टर बरे झालात म्हणणार, तेव्हा चुरगळलेलं दिसायला नको. त्यांना काय उत्तर द्यायचं तेही रिक्षात मनाशी घोळवलं.
ते म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, पण बाजूच्या दोन ग्रंथींमध्ये कॅन्सर सापडलाय. अजून औषध लागेल. म्हणालो, म्हणजे बरा झालो ना? म्हणाले, तीन महिन्यांनी स्कॅन करू, तेव्हा बोलू. म्हणालो, तोपर्यंत लोकांना काय सांगू? म्हणाले, आज बरे आहात असं सांगा.
मी त्यांच्यावर आवाज चढवला. म्हणजे चढवायला गेलो, फुटलाच नाही. बायकोने थँक यू म्हटलं आणि फाइल उचलली.
रिक्षात ठरवलं, मी घाबरलोय हे हिला अजिबात कळू द्यायचं नाही. तिचा आधीच अर्धा जीव झालाय. घरी पोचेपर्यंत गप्प बसलो. मग जिन्यात, पहिल्या वळणावर दम लागला, कठड्याला टेकलो आणि सांगून टाकलं.
ती म्हणाली, बरं झालं. आता सावकाश चढा.