इंझोरीची बाजाची पेटी

कारंजा, वैशाख १९७४

चि. शेषराव,

आईचा जयभीम. लिहून राह्यली तुही पोरगी. चुका तिच्या, गोष्ट माही. टपाल तुहे बाबाच टाकतात अन् आधी वाचतात, म्हनून हे पत्र ज्वारीच्या कोठीतच राह्यन.

बाबाचा कान गेला. इंझोरीच्या भजनी मंडळाची पेटी बुद्धजयंतीले द्याची हाय, अन् त्यायनं लावलेले सूर खोटे हायेत. तिथं वाजली की पेटीवाला बहिरा झाला, हे गावोगाव कळन. मंग कोन देईन त्याले पेटी? बिनकामाचा तो मानूस जगन का?

चाळीस वर्स त्यायनं सूर लावले, मी भाता हालवला. आमच्या संसारात लाडीगोडी म्हनशीन तर तेवढीच. म्हनून ते विहारात गेले की आता मीच कानस घेते. पेटीतली सुराची पितळेची पट्टी केसभर जास्त घासली तर तुटते.

काल पट्टी घासून वर पाह्यलं, तर ते दारात उभे. कवापासून, कोन जाने.

"लागला का सूर?" त्यायनं इचारलं.

मी हो म्हनून मान हालवली. ते पाय धुवाले गेले.

शेषराव, आजवर सूर लागला का, हे त्यायनं कोनालेच इचारलं नव्हतं. म्हंजे कान गेल्याचं त्यायले ठावं हाय. तवापासून मले लय भेव वाटून राह्यलं.

तुही आई,
दुर्गाबाई (अंगठा)