न उघडलेला खोका

उइटहॉर्न
१० जानेवारी २०२१

चि. हिमानीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

दोघी बहिणी या एकाच डच देशात, तरी तुला तिळगूळ टपालाने पाठवायची वेळ आली. तीळ जरा जास्त भाजले गेलेत. नावं ठेव, पण खा.

आम्ही आता ठणठणीत आहोत. दिवाळीआधी मला आणि गौरवला दोघांनाही करोना झाला, तेव्हा शेजारच्या योहानाबाईंनी रोज दाराशी दूध-भाजी आणून ठेवली. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच असतात. बरे झाल्यावर मी त्यांना चिवडा, चकल्या आणि घरी केलेल्या उटण्याची पुडी नेऊन दिली. दुसऱ्याच दिवशी त्या छान कागदात गुंडाळलेला खोका घेऊन हजर! मी आभार मानले आणि आपल्या रीतीप्रमाणे तो न उघडता बाजूला ठेवला. बाई उगाचच थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या.

तेव्हापासून त्या जरा अबोल झाल्यात. हात वर करतात, पण रोज आमच्या दारापुढच्या मातीच्या पट्ट्याकडे बघून आत निघून जातात. गौरव म्हणतो, तू तण काढत नाहीस म्हणून. माझ्या जिवाला मात्र लागून राहिलंय. इथे हाकेला ओ देणारं त्यांच्याशिवाय आहे कोण?

सोबत तुझ्यासाठी एक भेट आहे. दुकानं बंद, म्हणून घरातलीच पाठवते. गोड मानून घे. लोभ असू दे, आणि राग आला तर तोही पत्रानेच कळव.

तुझी,
विशाखाताई

आइंडहोवन
१८ जानेवारी २०२१

ती. ताईस,
हिमानीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणून भागणार नाही, म्हणून कागद घेतला. ताई, इतकी मनापासून दिलेली भेट मला आजवर कोणी दिली नव्हती. खोका सुयशने उघडला. त्याला वाटलं सांबाराचे छोटे कांदे आहेत, आणि तो विळी घेऊन बसलासुद्धा. खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवले म्हणून वाचले. ट्युलिपचे कंद आहेत म्हणाल्या, उशीर झालाय पण लगेच लावा. लावले. बाल्कनीत चार कुंड्या झाल्या.

तू हे कंद मातीतून कधी काढलेस, कधी वाळवलेस? आणि ती पिशवी! जुना निळ्या चौकटींचा शर्ट कापून शिवलेली, बटण तसंच ठेवलेलं. गौरवभाऊजींचा शर्ट ना? मी ती धुतलीसुद्धा नाही. घरची फार आठवण येत होती गं, ती पिशवी हातात घेतली आणि बरं वाटलं.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
हिमा

उइटहॉर्न
२२ जानेवारी २०२१

चि. हिमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच कागद घेतला. तुला खरं सांगते, मग हवं तेवढं बोल. ती भेट माझी नव्हे. तोच योहानाबाईंचा खोका. मी तो कपाटात ठेवला आणि विसरले. आपल्याकडे आलेलं ब्लाऊजपीस पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या ओटीत जातं, त्याच सवयीने नवा कागद लावून तुला पाठवला. आत काय आहे ते बघितलंही नाही.

शर्ट गौरवचा नाही गं. योहानाबाईंचे यजमान खेरिट बागेत निळ्या चौकटींचा शर्ट घालून वाकलेले असत, मी खिडकीतून पाहिलंय. म्हणजे कंद त्यांच्या हातचे. आणि बाई रोज आमच्या मातीत काही उगवलंय का ते बघतात! इथे भेट देणाऱ्यासमोरच उघडतात, हे मला इतकी वर्षं राहून माहीत होतं. तरी हात पुढे झाला नाही, हावरटपणा वाटतो.

आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? आणि तुला दिलेलं तुझ्याकडून परत कसं मागू? काही सुचत नाही. तेवढं तूच सुचव, आणि मला अंतर देऊ नकोस.

तुझी,
ताई

आइंडहोवन
३ फेब्रुवारी २०२१

ती. ताईस,
नमस्कार.

आधी चार दिवस रागावले, मग हसायला लागले. सुयशला वाटतं, तुझ्या कपाटात आमच्या लग्नातले आहेरही असतील.

दिलेलं मागायचं नसतं, कबूल. पण मी आपण होऊन आणलं तर? हिरवी टोकं वर आली, की दोन कुंड्या आणि पिशवी घेऊन येते. दोन कुंड्या माझ्या, त्या मिळणार नाहीत. करोनाच्या नियमाने सध्या घरी एकच पाहुणा चालतो, तेव्हा सुयश गाडीत बसेल, त्याला चहा बाहेर दे. योहानाबाईंना मात्र तूच सांगायचंस, सगळं आणि खरं. मी पाठीशी आहे, हे धरून चाल.

तुझी,
हिमा

उइटहॉर्न
११ एप्रिल २०२१

चि. हिमास,
पोटभर आशीर्वाद.

तू कुंड्या ठेवून गेलीस आणि दुसऱ्या दिवशी मी धीर करून योहानाबाईंना कुंपणापाशी हाक मारली. मोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं. कपाट, टपाल, आइंडहोवन, सांबारसुद्धा. त्यांनी पिशवी हातात घेतली आणि बटणावरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, गेलेल्या माणसाच्या हातचं तुम्हाला घरात नको असेल असं मला वाटलं होतं. आता त्याची फुलं दोन गावांत येणार, हे ऐकून त्यांचा चेहराच बदलला. तुझ्या फुलांचा फोटो मागितलाय.

मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, दिवाळीतला तो पिवळा मसाला तुम्ही कशात घालता? त्यांनी तो सूपमध्ये घातला होता. चव काही केल्या जमेना. पण तुम्ही दिलेला, टाकायचा कसा, म्हणून शेवटच्या चिमटीपर्यंत संपवला म्हणाल्या. तो अंगाला लावून अंघोळ करायची असते, हे सांगितल्यावर कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या गेल्यावर मात्र माझं पाणी थांबेना. मी त्यांची भेट न उघडता देऊन टाकली, हिमे, आणि त्यांनी माझं उटणं खाल्लं.

पहिली कळी आज उमललीय. लाल आहे. माझ्यावर जीव असू दे, आणि यापुढे माझी भेट माझ्यासमोरच उघड.

तुझी,
ताई