शाळेतल्या संडासाची कडी

४ ऑगस्ट, सोम.
चिमीले महिन्यात तिसऱ्यांदा लघवीची जळजळ, ताप. डॉक्टर म्हणे पोरगी पाणीच पेत नाही. सकाळी मी बाटली भरून देते, संध्याकाळी भरलीच्या भरली परत. आज पकडलं नातीले. "काहून वं?" म्हणे, "आजी, पोरींच्या संडासाले कडी नाही. पोट्टे दार ढकलून पळतात." म्हणून दहा ते पाच घोट नाही. पाचवीतली पोरगी. आम्ही खेड्यात झुडपामागं जात होतो, तिकडं पाहाची कोणाची टाप नव्हती. हे पक्क्या भिंतीचं असून. थू.

६ ऑगस्ट, बुध.
शाळेत गेली. मुख्याध्यापिका बाई (इतकं लांब रोज कोण लिवते, मु. बाई) गोड बोलते. चहा पाजला. भिंतीवर बोर्डच बोर्ड. बँकेनं बाकं दिले, बोर्ड. क्लबनं थंड पाण्याची मशीन दिली, बोर्ड. कोण्या कंपनीनं 'आनंद कोपरा' दिला, दोन गाद्या अन् भिंतीवर हसरं तोंड. त्याचाही बोर्ड. पाणी पेवाची सोय, सोडाची नाही.
कडीचं सांगितलं. म्हणे, "आजी, मुलांच्या आनंदासाठी आपण समाजाला शाळेशी जोडतोय."
म्हटलं, "तुमच्या समाजाले मुताले नाही लागत का?"
बाई हासली. मले सहभाग समितीवरच घेतलं. बोंबलणाऱ्याले खुर्ची देली का बोंब खाली बसते.

११ ऑगस्ट, सोम.
समितीची बैठक. क्लबचा अध्यक्ष दीड घंटा बोलला. शाळेत तान्हा पोळा करू, लाकडी बैल सजवाची स्पर्धा ठेवू, पाहुणे बोलावू. दवाखान्याची मॅडम म्हणे पोरींनी भरपूर पाणी पेलं पाहिजे. मी म्हटलं, कडी. सारे समोशाकडे पाहाले लागले. अध्यक्ष म्हणे, "आई, तो मेंटेनन्सचा विषय आहे, इथला नाही."
मंग रजिस्टर फिरलं. मले वाचता येते, पण हळू. मागं लोक उभे होते. सही करून टाकली.

२१ ऑगस्ट, गुरु.
लिवाले हात होत नाही. तरी लिवते.
शाळेतला तान्हा पोळा, सणाच्या दोन दिवस आधीच. पोरं सकाळपासून उन्हात रांगेत, हातात लाकडी बैल. पाहुणा दोन घंटे उशिरा. मी स्टेजवर, समितीवाली. गळ्यात सत्काराची शाल. आज घरूनच जबरदस्तीनं मी पाजलं होतं तिले, गिलासभर. मीच. बैल दाखवाले चिमीचा नंबर आला अन् ती जागची हालेना. फ्रॉकपुढं बैल धरून उभी. खाली ओलं. पयले एक पोट्टा हासला, मंग सारे.
खाली उतरली, शाल तिच्या कमरेले गुंडाळली. अध्यक्ष माइकवर म्हणते, कार्यक्रम सुरू ठेवा.

२३ ऑगस्ट, शनि.
तान्हा पोळा. गल्लीतले पोरं बैल घेऊन दारोदार. चिमी घरात, बैल पलंगाखाली. सून म्हणे, "राहू द्या आई, जबरदस्ती नका करू." मारबतीची, त्या जाळाच्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली तिकडं, लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत. मी दारात बसून म्हटलं, ते बोर्डही घेऊन जा.

२५ ऑगस्ट, सोम.
चिमी शाळेत गेली नाही. मी गेली. मु. बाईले म्हटलं, बैठकीचं रजिस्टर काढा. काढलं. बोट ठेवून वाचलं. 'स्वच्छतागृहाची पाहणी केली. समाधानकारक.' खाली माही सही. वळणदार. स्वतःचीच किळस आली.
बाईनं दार लावलं. आवाज बदलला तिचा. "आजी, संडासासाठी मी सगळ्यांना विचारलं. कोणी तयार होत नाही. तिथे फोटो निघत नाही."
"आमाले विचारलं?"
"तुम्हाला?"
खरंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. समाज म्हंजे गाडीतून उतरते तो. आमच्या गल्लीत सुतार आहे, चार हात-पाय धड असलेल्या बाया आहेत. म्हटलं, कडी आम्ही ठोकून घेतो, मधल्या सुट्टीत आळीपाळीनं एकेक जण दाराशी बसू. बाई परवानगीचं पुटपुटली. मंग म्हणे, "शनिवारी या. मी असेन."

३० ऑगस्ट, शनि.
सुतारानं कडी ठोकली, आतून. मी अन् शेजारची कमल, दोघींनी घासलं. काय काय निघालं ते लिवत नाही. मु. बाईनं स्वतः बादल्या आणल्या, हे मान्य. मंग मोबाइल काढला. मी पाहिलं तिच्याकडे. पर्समध्ये घातला.
जाताना सांगते, क्लबले कळलं, बोर्ड लावू म्हणतात. म्हटलं, लावा. आतून.

१ सप्टेंबर, सोम.
चिमी गेली शाळेत. मधल्या सुट्टीत मी दाराशी बसली. साऱ्या पोरी येऊन गेल्या. ही नाही. बाटली भरलेली.
"कडी लागते ना वं?"
"लागते."
"मंग?"
"तिकडं गेली का सारे मलेच पाहतात."
याले कोणता सुतार आणू?

३ सप्टेंबर, बुध.
आज दाराशी कमलची पाळी. म्हणे, "चिमी दिसली नाही, पण मी दोन मिनिट उठली होती."
बाटली रिकामी आली. सून खूश. मी चिमीले विचारलं, "पेली का ओतली?"
"आजी, तू रोज नको विचारू."
दप्तर चाचपलं, कोरडं. बाटली उघडून हुंगली. पाण्याले काय वास असते.
उद्या पाळी माही.