पाठ केलेली उत्तरं

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल एकदाची ह्यांची सरकारी तपासणी झाली. खांबावरून पडल्याला वर्ष होत आलं, पण आमचा वायरमन दिसायला अजून धडधाकट. डोक्याला काय झालंय ते बघणाऱ्याला कळतच नाही. मी आठवडाभर त्यांचा पाठच घेतला होता. तारीख, वार, घरचा पत्ता, शंभरातून सात वजा. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं आणि आमच्या विद्यार्थ्याने सगळं घडाघडा सांगितलं! गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. परक्यांसमोर त्यांचं हसं झालेलं मला बघवलं नसतं गं. डॉक्टरसुद्धा छान म्हणाले.

आता अपंग भत्ता सुरू झाला की दिवसा त्यांच्याजवळ कुणीतरी बाई ठेवीन आणि शाळेत परत रुजू होईन. मोठ्या बाई म्हणाल्यात की जूनपर्यंत माझी जागा राखतील, पुढे नाही. ह्यांना एकटं ठेवायची तर सोयच नाही. परवा गॅस तसाच सोडून गच्चीत जाऊन बसले होते.

लोभ आहेच, उत्तराला मात्र उशीर नको.

तुझी,
छोटी


९ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं शहाणे, ती काय स्कॉलरशिपची परीक्षा होती? तिथे नापास व्हायला जायचं असतं! लोकांची पोरं पास करता करता तुला दुसरं काही सुचेनासंच झालंय. मी कचेरीत जन्म काढला. छान म्हणणारा साहेब कधी कुणाला काही देत नाही.

नकार आला तर रडत बसू नकोस, लगेच अपील कर. मुदत चुकली तर सगळंच मुसळ केरात. आणि या खेपेला भावोजींना काही म्हणजे काही शिकवायचं नाही. दाढीही वाढू दे.

चिडून लिहिलंय, पण माया तेवढीच आहे.

तुझी,
ताई


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो असं तरी कसं म्हणू? नकार आला. स्मरणशक्ती उत्तम, कामास योग्य, असं लिहिलंय. अपील केलंय.

पाठ बंद केलेत, तुझ्या हुकमाप्रमाणे. तुला लिहायला सोपं गेलं. हे रोज सकाळी अंघोळ करून खुर्ची ओढून समोर बसतात आणि आज काय विचारणार म्हणून विचारतात. मी सुट्टी आहे म्हणते. मग शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे बघत राहतात. आधी वार गेले, आता पत्ताही गेला. सरकारला माझा नवरा मोडलेला दाखवायला हवाय, म्हणून मी घरी बसून त्याला मोडतेय. मला डॉक्टरांचा राग येतो, माझा येतो, आणि खरं सांगू, तुझाही येतो.

राग आहे तोवर लोभही आहे असं समज.

तुझी,
छोटी


११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल अपिलाची सुनावणी झाली. टेबलापलीकडे तिघं होते. तारीख विचारली तेव्हा ह्यांनी आशेने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पत्ता विचारला, तरी तेच. मग एका साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून ह्या कोण म्हणून विचारलं.

हे जरा वेळ विचारात पडले, मग चेहरा खुलला. म्हणाले की ह्या फार चांगल्या बाई आहेत, मला शिकवायला यायच्या, हल्ली शिकवत नाहीत. बहुतेक त्यांची फी थकली असावी, तेवढी साहेबांनी देऊन टाकावी.

साहेबांनी तिथेच कागदावर सही केली. अर्ज मंजूर झाला. जूनला मी शाळेत जाईन.

बाहेर रस्त्यावर आल्यावर हे मला म्हणाले की फार उशीर झालाय, तुमच्या घरी माणसं वाट बघत असतील, तुम्ही निघा आता.

लोभ असू दे. अभिनंदन मात्र करू नकोस.

तुझी,
छोटी